कॅल्व्हर्ट क्लिफ्सचा निकाल

अणुवीजकेंद्र म्हटले की किरणोत्सर्गाची धास्ती मनात उभी राहते. केंद्र बांधले जात असता भोवतालच्या पाण्याचा व जीवसृष्टीचा विचार कोणी, केव्हा करावयाचा, हा प्रश्न मागेच पडतो. या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास आपल्याला अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या काठी जावे लागते. तेथे कॅल्व्हर्ट क्लिफ्स येथील दोन अणुभट्ट्यांच्या बांधकामास १९६९ साली परवाना मिळाला. उपसागराचे पाणी घेऊन वाफ थंड करावयाची व तापलेले पाणी परत सोडावयाचे, अशी योजना होती. खेकडे आणि कालवे यांवर पोट भरणाऱ्या त्या किनाऱ्यास ही गोष्ट साधी नव्हती.

१९७० च्या आरंभी तेथे राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा झाला. अणुशक्ती आयोगाने त्याचा मोठा चमत्कारिक अर्थ लावला. ज्यांना बांधकामाचा परवाना आधीच मिळाला आहे, त्यांचा विचार केंद्र चालू करण्याच्या परवान्याच्या वेळी करू! म्हणजे काँक्रीट ओतून झाल्यावर. तोवर पैसा इतका गुंतलेला असतो की बदल सुचविणाराच वेडा ठरतो.

२३ जुलै १९७१ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ही पद्धत अमान्य केली. निकाल न्यायमूर्ती स्केली राइट यांनी लिहिला. बदलास वाव असतो तो काम चालू असतानाच. तेव्हा फेरविचार होईपर्यंत ते थांबविण्याचाही आयोगाने गंभीरपणे विचार करावा, असा त्याचा आशय. पुढे १९७५ साली पहिली भट्टी चालू झाली खरी, पण आयोगाला आपले नियम बदलावे लागले.

आमचे तारापूरचे केंद्र १९६९ सालीच वीज देऊ लागले. आमच्याकडे पर्यावरण संरक्षण कायदा झाला १९८६ साली, आणि अशा प्रकल्पांना आधी पर्यावरणीय मूल्यांकनाची सक्ती झाली १९९४ साली.