बिरवाडीचा लाल विंचू

महाडच्या औद्योगिक वसाहतीलगत बिरवाडी हे गाव आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावून कोकणात तेव्हा माणसे दगावत. त्यात मुले पुष्कळ. वैद्यकाच्या पुस्तकांत यावर जेमतेम माहिती होती.

बावस्करांनी रुग्णांजवळ बसून लक्षणे टिपली: उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात साठणारे पाणी. धोक्याची ही पूर्वसूचना त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडली.

असे का होते? चेतापेशींच्या आवरणात सोडियमच्या कणांना आत घेणारी दारे असतात. विंचवाचे विष ती लवकर मिटू देत नाही. चेतातंतू उत्तेजितच राहतात आणि ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येऊन ते थकते. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध नेमकी ही आवळण थांबवते. बावस्करांनी ते विंचूदंशावर वापरले आणि १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले तीसच्या आसपास दगावत. त्यांच्या नोंदींनुसार हे प्रमाण एकाच्या आसपास आले.

पुढे विंचवाची प्रतिलसही मिळू लागली. महाडमध्ये ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत प्रतिलस दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्यांपैकी ८. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण गोळी केंद्रात असून भागत नाही. मूल तिथे वेळेवर पोचावे लागते. मांत्रिकाकडे गेलेले तास परत मिळत नाहीत. म्हणून या इतिहासाचा पुढचा भाग शाळेत घडायचा आहे, असे आम्हांला वाटते. लाकडे, गोवऱ्या, जांभ्याचे चिरे उचलताना आधी काठीने हलवावेत. चपला-बूट झटकून घालावेत. रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडावे. दंश झाल्यास जागा कापू नये, आवळून बांधू नये, घरी औषधही देऊ नये. थेट दवाखाना गाठावा. उलटी आणि घाम सुरू झाला, तर क्षणही दवडू नये.

वर्गातल्या एका मुलाने हे घरी सांगितले, तरी एका घराचा पहारा वाढतो.