काठीच्या होळीला आमचा ढोल

सातपुड्यातली होळी एका रात्रीत उरकत नाही. प्रत्येक मोठ्या गावाची रात्र वेगळी. आधी डाबला देवाची होळी, मग काठीला राजवाडी, मग पुढं अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातली एकेक गावं. मैदानातल्या माणसाला हा पंचांगाचा घोळ वाटतो. पण हिशेब साधा आहे. सगळ्यांनी एकाच रात्री आपापली होळी पेटवली तर पाहुणा कोण आणि यजमान कोण? आज तुमचे ढोल आमच्या अंगणात, उद्या आमचे तुमच्या.

काठी हे मोलगीजवळचं गाव. तिथली राजवाडी होळी १२४६ पासून चालत आलीय असं सांगतात, आणि दरवर्षी वर्तमानपत्रंही तोच सन छापतात. सरकारी कागदात काठी ठळकपणे भेटते ती इंग्रजांच्या अमलात. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये मेवासी संस्थानांची नावं आहेत, त्यात चिखली, नाल, सिंगपूर, गव्हाळी यांच्या जोडीला काठी आहे. मुलूख अवघड, वाटा पायाखालच्या, म्हणून साहेबांनी ह्या डोंगरी सरदारांचा कारभार बराचसा त्यांच्याकडंच ठेवला. पुढं १९०६ ला पश्चिम खानदेश जिल्हा झाला, मग धुळे, आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार. जिल्ह्याचं नाव तीनदा बदललं, संस्थान कधीच विलीन झालं. होळीची पूजा मात्र अजून त्या घराण्याच्या हातूनच होते.

शहरातला माणूस ऑर्केस्ट्रा म्हटलं की खुर्च्या, माईक आणि समोर हात हलवणारा एकजण डोळ्यांपुढं आणतो. काठीला त्यातलं काही नाही. होळीसाठी उंच, सरळ बांबू गुजरातच्या बाजूच्या जंगलातून खांद्यावर आणतात. तो उभा करायचा खड्डा कुदळीनं नाही, हातानं उकरतात. अंधार पडला की डोंगरातून एकेक गट उतरू लागतो. प्रत्येक गावाचा आपला ढोल, आपली बासरी, मांदल, थाळी. पुढं बुध्या नाचतात : डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू. हे हौशीचं सोंग नव्हे. ज्यानं नवस बोललाय तो पालनी पाळतो, म्हणजे होळीआधी काही दिवस खाटेवर निजायचं नाही, बायकोपासून दूर राहायचं, खाण्यापिण्याचे नियम सांभाळायचे. आमच्याकडं कलावंत होण्याआधी असं अंग कसून घ्यावं लागतं.

ढोलाचं मला जास्त कळतं, कारण आमच्या घरात तो होता. रात्री दव पडलं की कातडं सैल होतं, आवाज बसतो. मग पालापाचोळा पेटवून ढोल त्या धगीपुढं फिरवायचा, बोटानं टिचकी मारत राहायचं, खणखणीत बोलला की उचलायचा. जास्त तापला तर कातडं फाटतं. बाबा म्हणायचे, "ढोलाला ऊब द्यायची रं, भाजायचा नाही त्याला." मैदानात अनेक गट एकाच वेळी वाजवतात. दोन गट जवळ आले की ताल एकमेकांत अडकतात, थोडा वेळ नुसता गोंगाट होतो. मग कुणीतरी नमतं घेतो, दुसऱ्याचा ठेका धरतो, आणि दोन गावांचा एक घेर होतो. कुणाला खूण करावी लागत नाही. हे मी पुष्कळदा पाहिलंय आणि तरी दरवेळी अंगावर काटा येतो.

आमचं गाव नर्मदेच्या काठचं. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्राणी आणि अक्कलकुव्यातली. १९९३ ला मणिबेलीत पाणी शिरलं, त्याच साली जागतिक बँकेचं कर्ज बंद झालं, पण भिंत वाढत राहिली. २००६ ला ती १२१.९२ मीटरवर गेली, २०१७ ला दरवाजे बंद करून १३८.६८ मीटरपर्यंत पाणी अडवायची सोय झाली. आम्हाला तळोद्याकडच्या वसाहतीत प्लॉट मिळाला. भावकीतली निम्मी घरं गुजरातेत गेली. सामान बांधताना आईनं कोठी मागं ठेवली, ढोल ठेवू दिला नाही. ती भांडलीच त्यावरून, कारण गाडीत जागा नव्हती.

वसाहतीपासून मोरवड लांब नाही. तिथल्या गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास दर सोमवारी आरती सुरू केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणा, एवढंच सांगणं. हजारो आदिवासी डोंगरातून चालत यायचे आणि एका सुरात आरती म्हणायचे. १९३८ ला ते वारले, पुढं रामदास महाराजांनी ते चालवलं, तेव्हा सरकारनं त्यांना हद्दपार केलं. गाणाऱ्यांच्या हातात शस्त्र नव्हतं. पण सावकाराला आणि दारूवाल्याला एवढी माणसं एका वेळी तोंड उघडतात हेच पुरे झालं असावं, असं माझं मत.

वसाहतीतले पोरं आता पुण्या-सुरतेला जातात. कुणी ऊसतोडीला. एरवी त्यांची भेट होत नाही. भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात मात्र फोन सुरू होतात : कोण येतंय, पिकअप कुणाची, ढोल कोण घेणार? हार-कंगन, डाळ्या, गूळ घेऊन झाले की सगळे काठीच्या वाटेला लागतात. गुजरातेतले भाऊबंद तिकडून येतात. तिथं कुणी विचारलं, "कुठलं टोळकं?" तर वसाहतीचा नंबर कुणी सांगत नाही. पाण्याखालच्या गावाचंच नाव सांगतात, आणि विचारणाराही तेवढ्यानं ओळखतो.

अलीकडं खाली मैदानी गावांत लग्नाला, होळीला डीजे आलाय. आमच्या वसाहतीतही एकदा आणला होता. त्याच्यापुढं नाचता येतं, पण त्याच्याशी भांडता येत नाही, त्याला नमवता येत नाही. तो कुणाचंच ऐकत नाही.

पहाटे होळी पेटते. उजाडेपर्यंत ढोल थांबत नाहीत. मग राख अंगाला लावून माणसं तिथंच झाडाखाली थोडं आडवं होतात, कारण संध्याकाळी पुढच्या गावाची होळी असते आणि तिथवर चालत जायचं असतं. गेल्या साली आमच्या ढोलाचं एका बाजूचं कातडं गेलं. नवीन बकऱ्याचं चढवलंय. ते अजून नीट बोलत नाही, दोन होळ्या लागतील त्याला.