नीरो आणि नहपान : विजेत्याच्या शिक्क्याखालील मुद्रा

इ. स. २०२१ मध्यें, २७ मेपासून २४ ऑक्टोबरपर्यंत, लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें रोमन बादशहा नीरो याच्या चरित्रावर एक प्रदर्शन भरलें होतें. अंजनवेलच्या इतिहासाचा विचार करणारानें त्याची दखल कां घ्यावी, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर देणें हाच प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

रोम जळत असतां नीरो वाद्य वाजवीत बसला, ही कथा सर्वश्रुत आहे. ती आग इ. स. ६४ च्या जुलैंत लागली. त्या वेळीं टॅसिटस हा लहान मूल होता. त्यानें आपला ग्रंथ सुमारें पन्नास वर्षांनीं लिहिला. स्विटोनियस तर नीरोच्या मृत्यूनंतर, म्हणजे इ. स. ६८ नंतर, जन्मला असावा. शिवाय आग लागली तेव्हां नीरो अँटियम येथें होता, व परत आल्यावर त्यानें निराश्रितांस आपल्या बागा खुल्या करून धान्याचा भाव उतरविला, असें टॅसिटसच नमूद करितो. पुढें राजवंश पालटला, आणि नीरोच्या कित्येक पुतळ्यांचीं मुखें पुन्हां कोरून त्यांतून नवे बादशहा घडविण्यांत आले.

आतां कोंकणाकडे वळूं. 'पेरिप्लस' हा ग्रीक भाषेंतील व्यापारी ग्रंथ ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे स्थूलमानानें नीरोच्याच काळचा मानतात. त्यांत आपल्या किनाऱ्यावरील बंदरांची यादी आहे. अंजनवेलसमोरील दाभोळची खाडी हें त्यांतील एक बंदर असावें, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. परंतु केवळ यादींतील क्रम व नामसादृश्य यांवर आम्ही फार भार देऊं इच्छीत नाहीं. त्याच ग्रंथांत आलेला 'मंबनोस' राजा म्हणजे क्षहरात नहपान, हें मत मात्र बहुमान्य आहे.

या नहपानाची गत नीरोसारखीच झाली. इ. स. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें त्याच्या रुप्याच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक होतीं, व त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला शिक्का मारलेला होता. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यांत आपल्या पुत्रानें क्षहरात वंश निःशेष केला, असें ती अभिमानानें सांगते. एवढाच लेख उरता, तर नहपान हा आपणांस केवळ एक उच्छिन्न शत्रु म्हणून ठाऊक असता. परंतु त्याच डोंगरांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जामात उषवदात याचीं दानें कोरलेलीं आहेत. त्यांत तापी, दमण, डहाणुका इत्यादि नद्यांवर फुकट तरी ठेविल्याचा उल्लेख येतो. तरीवांचून ज्यांचें पाऊल अडतें, त्या खाडीकांठच्या लोकांस या दानाचें मोल निराळें सांगावयास नको.

तथापि दात्याचा लेख हीहि आत्मस्तुतीच होय. तसेंच, नीरोनें इ. स. ५९ मध्यें आपल्या मातेचा वध करविला, हें प्रदर्शनानें पुसलें जात नाहीं. विजेत्याची निंदा खोटी ठरली म्हणून पराजिताची स्तुति खरी ठरते, असें नव्हे. दोन्ही साक्षी समोरासमोर ठेवून उलटतपासणी करणें, एवढेंच संशोधकाच्या हातीं असतें.

हा न्याय अंजनवेलच्या किल्ल्यासहि लागू आहे. तुळाजी आंग्रे यानें तो इ. स. १७४५ च्या सुमारास सिद्दीपासून घेतला व त्यास 'गोपाळगड' हें नांव दिलें. तें नांव आज रूढ आहे, आणि तें आम्हांस प्रियहि आहे. परंतु तोहि एक शिक्काच आहे. त्याखालीं सिद्दीचा व आदिलशाहीचा काळ दडलेला आहे. तो वाचल्यावांचून या तटाचा इतिहास पुरा होणार नाहीं. जोगळटेंभीच्या नाण्यांवर शिक्का बसूनहि नहपानाचें मुख अनेक ठिकाणीं दिसतें. तें पाहण्याची दृष्टि आपण ठेविली पाहिजे.