रंगाचा ‘हात’: मेटॅलिक रंगाच्या समपणाचा इतिहास

१/
उन्हात उभ्या असलेल्या चंदेरी मोटारीकडे समोरून पाहा. मग दोन पावले बाजूला सरकून पुन्हा पाहा. गाडी घरच्या घरी रंगवलेली असेल, तर एक दार उजळ आणि शेजारचे दार काळपट दिसण्याची शक्यता बरीच असते. रंग एकाच डब्यातला, रंगवणारा तोच, दिवसही तोच. मग हा फरक येतो कोठून? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात मोटार उद्योगाचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/
आरंभीच्या मोटारी घोडागाडीप्रमाणेच रंगवल्या जात. जवसाच्या तेलात खललेला रंग, वर व्हार्निश आणि हाती ब्रश. एक थर द्यायचा, तो वाळण्याची वाट पाहायची, घासून गुळगुळीत करायचा आणि पुन्हा दुसरा थर द्यायचा. एका गाडीचे रंगकाम पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागत. तेल सावकाश वाळत असल्याने ब्रशच्या खुणा आपोआप पसरून मिटत. समपणा मिळे, परंतु त्याची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागे.

३/
हेन्री फोर्डच्या कारखान्याला हा वेळ परवडणारा नव्हता. फिरत्या जुळणी-पट्ट्यावरून मोटारी भराभर बाहेर पडत असताना रंग वाळेपर्यंत थांबणार कोण? १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी केवळ काळ्या रंगात मिळत असे. एकच रंग ठेवल्याने काम सोपे आणि स्वस्त झाले. अनेक सुटे भाग रंगात बुडवून भट्टीत भाजले जात. ग्राहकाची आवड उत्पादनाच्या गतीपुढे मागे पडली, ती अशी.

४/
ही कोंडी फोडली ती दारूगोळ्याच्या रसायनाने. ड्यूपाँ ही कंपनी मूळची बंदुकीची दारू बनवणारी. पहिल्या महायुद्धानंतर नायट्रोसेल्युलोजचा शांतताकालीन उपयोग शोधताना तिने ‘ड्यूको’ हे लॅकर तयार केले. १९२३ साली जनरल मोटर्सने ओकलंड मोटारी (१९२४ चे मॉडेल) या लॅकरच्या निळ्या रंगात बाजारात आणल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि रंगांची निवड ग्राहकाकडे परत आली.

५/
मात्र ड्यूको इतक्या चटकन वाळे की ब्रशची रेघ मिटण्यापूर्वीच ती घट्ट होई. रंग तुषारांच्या रूपात उडवणे हाच त्यावरचा मार्ग होता आणि त्याचे साधन तयार होते. ओहायो राज्यातील टोलेडो येथील डॉक्टर ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८० च्या दशकात रुग्णांच्या घशात औषध फवारण्यासाठी एक उपकरण बनवले होते. त्यांचे पुत्र थॉमस यांनी तेच तत्त्व पुढे रंगासाठी वापरले. अशा रीतीने दवाखान्यातील एक कल्पना स्प्रे गनच्या रूपाने कारखान्यात पोहोचली.

६/
आता चमक. मोत्यासारखी झळाळी आणण्याची जुनी युक्ती माशांच्या खवल्यांत होती. सतराव्या शतकापासून फ्रान्समध्ये खवल्यांतील स्फटिकांचा लेप देऊन कृत्रिम मोती बनवत. मोटारींच्या आरंभीच्या झगमगत्या रंगांतही हाच पदार्थ पडला. परंतु थोड्याशा अर्कासाठी हजारो मासे लागत, त्यामुळे तो रंग श्रीमंतांपुरताच राहिला. पुढे त्याची जागा ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म पापुद्र्यांनी घेतली. १८८६ साली विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची पद्धत सापडल्यापासून हा धातू स्वस्त झालाच होता.

७/
अडचण होती ती भुकटी करण्याची. कोरडी ॲल्युमिनियम भुकटी हवेत उडाली आणि ठिणगी पडली, तर स्फोट होतो. १९२० च्या दशकात एव्हरेट हॉल यांनी धातूचे कण द्रावकात भिजवून, स्टिअरिक आम्लाचे वंगण घालून, पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात दळण्याची पद्धत आणली. त्यातून लुकण मिळे आणि स्फोटाचा धोका बराच कमी होई. आपल्याकडचा मिठाईवरचा वर्ख आठवा. हे पापुद्रे म्हणजे वर्खाचेच अतिसूक्ष्म तुकडे समजावेत.

८/
येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. साध्या रंगाचे कण कोणत्याही बाजूने जवळजवळ सारखेच दिसतात. मेटॅलिक रंगातील प्रत्येक पापुद्रा मात्र एक इवलासा आरसा असतो. सगळे आरसे पत्र्याला समांतर निजले, तर समोरून पाहताना रंग उजळ दिसतो. ते आडवेतिडवे उभे राहिले, तर काळवंडतो. थर फार ओला पडला की पापुद्रे वाळेपर्यंत तरंगत फिरतात आणि ढगांसारखे डाग उमटतात. थर पातळ आणि कोरडसर पडला, तर तोच रंग फिकट भासतो. आता ब्रशचा विचार करा. त्याची प्रत्येक रेघ हजारो आरसे आपल्या दिशेला वळवील.

९/
म्हणूनच समपणाचे सारे शास्त्र हाताच्या चालीत आले. गन पत्र्याशी काटकोनात धरावी आणि अंतर १५ ते २० सेंटिमीटर ठेवावे. मनगट वळवू नये, संपूर्ण हात पत्र्याला समांतर न्यावा. फवारा कडेच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकील असा घ्यावा. शेवटी थोडे दूर जाऊन एक हलका, धुक्यासारखा थर द्यावा, म्हणजे पापुद्र्यांची मांडणी एकसारखी होते. हात मध्येच रेंगाळला की ओघळ, घाई झाली की पट्टे.

१०/
हे कौशल्य कारखान्याच्या आणि गॅरेजच्या बाहेर आले १९४९ साली. इलिनॉय राज्यातील सायकामोर येथील एडवर्ड सेमूर यांना वाफेच्या रेडिएटरसाठीचा ॲल्युमिनियम रंग ग्राहकांना दाखवायचा होता. पत्नी बॉनी यांच्या सूचनेवरून त्यांनी तो दाबाच्या डब्यात भरला. असा डबा त्याआधी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना डासांपासून वाचवण्यासाठी कीटकनाशक भरून वापरला गेला होता. म्हणजे स्प्रेच्या डब्यातला पहिला रंगच धातूचा होता. डबा हलवताना खडखडणारी गोळी तळाशी बसलेले हे जड कण पुन्हा मिसळवते.

११/
डब्यामुळे कॉम्प्रेसरची गरज संपली, हाताची मात्र संपली नाही. उलट अडचणी वाढल्या. फवारताना डबा गार पडतो, आतला दाब उतरतो आणि तुषार जाड होतात. फवाऱ्याची रुंदी गनसारखी हवी तशी बदलता येत नाही. म्हणून अंतर थोडे अधिक, २० ते ३० सेंटिमीटर ठेवतात, डबा दर वेळी भरपूर हलवतात आणि एका जाड थराऐवजी अनेक पातळ थर देतात. अंगणात गाडी रंगवणारा माणूस १९२० च्या दशकातील कारागिराचाच धडा नव्याने गिरवत असतो.

१२/
यंत्रमानवाचे काय? १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉर्वेतील ट्रालफा या हातगाड्या बनवणाऱ्या कारखान्यात रंगकामाला माणसे मिळेनात. तेव्हा ओले मोलाउग या अभियंत्याने रंग फवारणारा यंत्रमानव घडवला. त्याला शिकवण्याची रीत लक्षणीय होती. कसबी रंगारी यंत्राचा हात धरून फवारणी करून दाखवी, यंत्र ती हालचाल नोंदवून घेई आणि तशीच पुन्हा पुन्हा करी. कारखान्यातील हा ‘यांत्रिक’ समपणा मुळात एका अनामिक रंगाऱ्याच्या हातचा होता.

१३/
या समपणाची एक किंमत छातीने मोजली आहे. तुषार जितके बारीक, तितके ते फुप्फुसात खोल जातात. १९२० च्या दशकातच अमेरिकेतील रंगाऱ्यांच्या संघटना स्प्रेला विरोध करत होत्या. रोजगाराइतकीच त्यांना शिशाची आणि द्रावकांच्या वाफांची धास्ती होती. आज मेटॅलिक थरावर पारदर्शक क्लिअर कोट देतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असेल, तर तो श्वासावाटे जाऊन कायमचा दमा जडू शकतो. त्याचा वास सहसा धोक्याची सूचना देत नाही आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. असा दोन भाग मिसळून वापरायचा क्लिअर कोट घरी फवारू नये. साध्या डब्यासाठीसुद्धा मोकळी हवा आणि वाफा शोषणारा मास्क हवाच.

१४/
मराठीत रंगाच्या थराला आपण ‘हात’ म्हणतो: एक हात मारला, दुसरा हात बाकी आहे. मेटॅलिक रंगाबाबत हा शब्द अक्षरशः खरा ठरतो. हाताचा वेग, अंतर, कंप, थकवा, सारे त्या पापुद्र्यांच्या मांडणीत गोठून राहते. शिलालेख आणि ताम्रपट वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना पत्र्यावरचा हा लेख परका वाटू नये. रस्त्याकडेच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात एखादे दार शेजारच्या दाराशी तंतोतंत जुळलेले दिसले, तर क्षणभर थांबून ते नीट न्याहाळा. आणि त्या रंगाऱ्याच्या तोंडावर मास्क आहे का, तेही पाहा.