सोंगाड्याची मुभा (तळटीप)
* ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ मधला खेळ. सूत्रधार प्रसंग उभा करतो. खेळाडू काय करील हे आधी ठरलेले नसते, अवघड कृतीचा निकाल फासा देतो. वाचकाने इथे खडी गंमत ही विदर्भाची लोकनाट्य-परंपरा आठवावी. तिच्यातही कथेचा सांगाडा ठरलेला, पण सोंगाड्याचे संवाद समोरचा प्रेक्षक बघून जागच्या जागी सुचलेले. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यामध्ये दादा कोंडके लिखित संहितेतही अशी भर घालत. व्हिडिओ गेममध्ये मात्र बहुतेक वाटा आधीच लिहिलेल्या असतात. अनपेक्षित प्रश्नाला तिथे सहसा उत्तर मिळत नाही. मूळ लेखाच्या लेखकाने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे खेळ आणि व्हिडिओ गेम एकाच प्रकारात धरले आहेत, ते आम्हाला पटत नाही. – संपादक