डबक चाळीतील दिवा

आमच्या युनियनच्या कचेरीत पगाराच्या तक्रारी येतात, तशी कधी एखादी निराळीच अडचण येते. खात्यातला एखादा कामगार पोराचे प्रगतिपुस्तक पुढे करतो आणि म्हणतो, "मास्तर म्हणतात पोरगं हुशार आहे. आता आम्ही काय करावं?" अशा वेळी आम्हांला परळच्या डबक चाळीतील रामजी सुभेदारांची आठवण होते. बाबासाहेबांचे चरित्र आपण सर्वांनी वाचलेले आहे. आज थोडे त्यांच्या वडिलांकडे पाहू.

रामजी सकपाळ हे पलटणीतल्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर महिना पन्नास रुपये पेन्शन. भीमरावांचा जन्म १८९१ चा, महू येथला. पुढे साताऱ्यास असताना आई भीमाबाई वारल्या. तिथल्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. घरी सावत्र आई आल्यावर तर मुलाचे मन पार उडाले. साताऱ्याची पोरे मुंबईच्या गिरणीत कामाला लागतात हे त्याने ऐकले होते. आपणही तेच करावे, म्हणून गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढण्याचा बेत त्याने केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तर आत अवघा अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्यावर पोराने बेत सोडला आणि अभ्यासाला लागायचे ठरवले. ही हकीकत स्वतः बाबासाहेबांनीच सांगितलेली आहे. आम्ही गिरणीवाले, गिरणीत येऊन पोरगा बिघडलाच असता असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या पिशवीत दोन रुपये असते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

मग मुंबई. परळला एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासिका. धूर, भांडीकुंडी, माणसांची दाटी. रामजींनी यावर तोड काढली ती साधी होती. संध्याकाळी मुलाला लवकर निजवायचे, आपण जागे राहायचे, आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून मग आपण अंग टाकायचे. रॉकेलच्या दिव्यापाशी भीमराव पहाटेपर्यंत वाचीत. पाळी बदलावी तसा हा बापलेकांचा क्रम होता. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून रामजी तर्खडकरांची भाषांतरमाला घोकून घेत. पाठ्यपुस्तकांखेरीज इतर पुस्तकांचा हट्ट मुलगा करी, तेव्हा ते लग्न झालेल्या लेकींकडे जात. पैसे उसने, नाहीतर एखादा दागिना. दागिना गहाण पडे, पेन्शन आली की सुटे. त्या बहिणींचे उपकार चरित्रांतून दोन ओळींत आटोपतात, याचे आम्हांला वाईट वाटते.

थोरले बंधू आनंदराव यांची गोष्टही सांगितली पाहिजे. दोन मुलांचा शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा रामजींनी त्यांची शाळा सोडवून त्यांना कामाला लावले. एकाची वाट मोकळी व्हावी म्हणून दुसऱ्याची बंद झाली. रामजींचे चुकले काय? पन्नास रुपयांत जे बसेना ते बसेनाच. चूक पन्नास रुपयांची होती. पण कामगाराच्या घरी हुशार पोरगा निघाला की दुसऱ्या पोराच्या ताटातले काढावे लागते, ही गोष्ट आम्ही पुष्कळ घरी पाहिली आहे.

एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी होते, तरी तिथेही भीमराव फळ्याजवळ जाताच मुलांनी मागे ठेवलेले डबे हलवण्याची धांदल उडवली. संस्कृत शिकू दिले नाही, पर्शियन घ्यावे लागले. १९०७ साली मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. आमच्या कचेरीत येणाऱ्या बापांनी हा आकडा नीट पाहावा. प्रगतिपुस्तकावरून यातला विद्वान कोणाला दिसला असता?

दिसला तो कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांना. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज वाचीत बसतो, हे पाहून त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. मॅट्रिकच्या सत्काराच्या सभेत स्वतःचे बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजात पैशांची ओढ लागली तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांकडे त्यांनीच शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बापाचे बळ जिथे संपते तिथे केळुसकरांसारखे कोणी उभे राहावे लागते. रामजींनी मुलाला बागेत जाऊ दिले, घरीच कोंडून ठेवले नाही, हेही लक्षात घ्या.

बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्यास नोकरीवर गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. मुंबईला येताना सुरतेस ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले, तेवढ्यात गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा रामजींचे डोळे वाटेकडेच लागले होते. मुलाला पाहिले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी प्राण सोडला. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.