रंगाआधीची कड

नेलपॉलिश नखाबाहेर जाऊ नये म्हणून मुली हल्ली नखाभोवतीच्या कातडीला आधी व्हॅसलिन लावतात. रंग चुकून कातडीवर आला तरी तिथे त्याला धरायला जागा मिळत नाही. नख सुकलं की कापसाने पुसायचा, निघून जातो. ही युक्ती मोबाइलवर पाहून शिकलेली, कालपरवाची, असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. बाटली बाहेरून आली हे खरं, पण रंग लावण्याआधी त्याची कड ठरवून घ्यायची सवय सातारा-सांगलीच्या घरांत त्या बाटलीच्या कितीतरी आधीपासून होती. फक्त ती बोटांवर नव्हती, कपाळावर होती.

बोटांना आपल्याकडे मेंदी. पाट्यावर पाला वाटायचा, त्यात कात आणि लिंबाचा रस घालायचा. तळहातावर मधोमध मोठा ठिपका, भोवती लहान ठिपके, आणि बोटांची टोकं पार लिंपून टाकायची. नखही रंगायचं, भोवतीची कातडीही रंगायची, त्यामुळे कड सांभाळायचा प्रश्नच यायचा नाही. कातडीवरचा रंग पंधरवड्यात उडून जाई, नखावरचा मात्र नखाबरोबर पुढे सरके. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. नागपंचमीची मेंदी दिवाळीतही नखाच्या टोकाला दिसते ती यामुळे.

कुंकवाचं तसं नव्हतं. कोरड्या पिंजरीला कपाळावर धरून ठेवायला काहीतरी लागतं, म्हणून करंड्याच्या जोडीला मेणाची डबी असायची. मधमाशीचं मेण थोड्या तेलात मऊ केलेलं. बोटाच्या टोकाने मेणाचा गोल कपाळावर बसवायचा, त्याची कड बोटानेच नीट करायची, मग त्यावर कुंकू दाबायचं आणि आजूबाजूला सांडलेलं पदराने टिपून घ्यायचं. जिथे मेण असेल तिथेच कुंकू टिकणार. म्हणजे खरी हातोटी मेण लावण्यात होती, कुंकू नुसतं मागून यायचं. 1943 ते 1947 या काळात, महायुद्धातल्या धातूच्या टंचाईत, सरकारने मधोमध भोक असलेला पैसा काढला आणि घरोघरच्या बायकांनी तो कुंकवाच्या कामाला लावला. पैसा कपाळाला टेकवायचा, भोकातून मेण लावायचं, वर कुंकू, आणि पैसा अलगद उचलायचा. आज नेलआर्टसाठी स्टेन्सिलच्या पट्ट्या विकत घ्याव्या लागतात. तेच काम एका पैशात होत होतं, आणि पैसाही जवळच राहत होता!

ते कुंकू मुळात हळदीचंच. हळकुंडाला टाकणखार आणि लिंबाचा रस दिला की पिवळ्याचं लाल होतं. पंढरपूर आणि करमाळा तालुक्यातलं केम ही कुंकवाची नावाजलेली गावं, तर सांगली ही हळदीची पेठ. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं आहेत. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कपाळावरचा लाल रंग इतक्या जवळचा, तर त्याची कड सांभाळायची कलाही घरचीच असावी यात नवल नाही.

नेलपॉलिशचं कूळ मात्र अगदी वेगळं. अमेरिकेत 1917 मध्ये क्युटेक्सने पातळ नेलपॉलिश बाजारात आणलं. पुढे त्याचा पाया झाला नायट्रोसेल्युलोज. जुन्या सिनेमाच्या रिळांत आणि मोटारींच्या रंगातही हाच पदार्थ. तो विरघळवणारं द्रव्य हवेत उडून गेलं की नखावर पातळ, कडक पापुद्रा उरतो. 1920-30 च्या सुमारास तिकडे नखाच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर, आणि पुष्कळदा टोकही, कोरं ठेवून मधलाच भाग रंगवायची फॅशन होती. नीट कड हाच तेव्हाचा डौल. 1932 मध्ये रेव्हलॉनने दाट, आरपार न दिसणारे रंग आणले. दाट रंगात चूकही दाट दिसते. भारतात टाटांनी 1952 मध्ये लॅक्मे सुरू केली.

पुढे टिकलीची पाकिटं आली आणि मेणाची डबी फडताळातून गेली. तिच्या जागी दुसरी डबी आली, थंडीत फुटलेल्या टाचांसाठी आणलेली. व्हॅसलिनचा जनक रॉबर्ट चेसब्रो. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर नळ्यांना चिकटणारा मेणचट गाळ त्याने साफ केला आणि 1872 मध्ये पेटंट घेतलं. मेण आणि व्हॅसलिन कामं मात्र उलटी करतात. मेण रंगाला धरून ठेवतं, व्हॅसलिन त्याला दूर ठेवतं. एकीकडे रंग कुठे असावा ते ठरतं, दुसरीकडे कुठे नसावा ते. पण दोन्हीकडे रंगाची बाटली किंवा करंडा उघडण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं. हे नातं मला नुसत्या योगायोगाचं वाटत नाही. आजीचं मेण लावणं पाहिलेल्या मुलीला नखाभोवती आधी काहीतरी लावायचं, हे समजावून सांगावं लागलं नसणार.

घरी करताना चूक बहुधा इथेच होते. व्हॅसलिन बोटाने फासलं की ते नखावरही चढतं आणि तिथला रंग दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखा सुटतो. काडीला कापूस गुंडाळून फक्त कातडीलाच लावावं आणि नख रिमूव्हरने एकदा पुसून घ्यावं. ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाशी निपटावी. पहिला हात नखाच्या मधोमध, मुळापासून केसभर जागा सोडून, मग दोन्ही कडांना एकेक. हात टेबलावर टेकलेला हवा, अधांतरी धरला की कापतोच. उजव्या हाताने लिहिणारीने उजव्या हाताची नखं आधी रंगवावीत, कारण ती डाव्या हाताने रंगवायची असतात आणि तेव्हा डाव्या हाताची नखं ओली नसलेली बरी.

आणि आपल्या भागापुरतं एक. हळदीचा पिवळा फिकट नेलपॉलिशवर लगेच चढतो आणि पुसून सहसा जात नाही. नवरीने हळदीच्या दिवशी नखं कोरीच ठेवावीत, नाहाणं आटोपल्यावर रंगवावीत.